बेलीफाचं सोंग

गोकुळ माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. जिल्हा न्यायालयाच्या बार रूममधला शेजार काय असतो, हे वकिलांनाच कळतं. एकमेकांचे अशील, एकमेकांचे डबे, खोकला आणि थापा, सगळं कानावर पडतं. एवढं असून हा माणूस रविवारी कुठं जातो हे मला ठाऊक नव्हतं, याचाच मला राग होता. हिवाळ्यात सुगी घरात आली की गोकुळचे रविवार गायब व्हायचे. बारची सहल असो, कुणाच्या घरची वास्तुशांत असो, हा नसायचाच. विचारलं की म्हणायचा, "ताई, शेतावर जातो." आता याला शेत नाही हे मला पक्कं माहीत. बिडकीनमध्ये छोटंसं घर, म्हातारे वडील मोतीराम, बायको मोनिका आणि एक स्कूटर, एवढाच याचा पसारा. स्कूटरवर काय पिकवतोस, असं मी एकदा विचारलंसुद्धा. तो हसला आणि चहा सांगायला उठला.

मी स्वभावानं तिरसट आहे. नाटकीपणा मला सोसत नाही. कोर्टात हातवारे करणारा वकील दिसला की मी फाईलमध्ये डोकं खुपसते. आणि माझ्या नशिबी शेजारी आला तो असा. चहा पिता पिता मध्येच पट्टेवाल्यासारखा ताठ व्हायचा, मध्येच एखाद्या ज्येष्ठ वकिलासारखा कपाळावरचा चष्मा सगळ्या टेबलावर शोधायचा. बार रूम हसून बेजार. मी हसत नसे. म्हणजे हसायचे, पण कुणाला दिसू द्यायचे नाही.

वकील म्हणून मात्र तो चांगला. दिवाणी कामं घ्यायचा, अशिलाला घाई करायचा नाही. समोरचा माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं, हाताकडं, उभं राहण्याकडं असा टक लावून बघायचा की मला वाटायचं, याला ऐकू कमी येतं की काय.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला एक म्हातारं जोडपं त्याच्या टेबलाशी आलं. कडुबा आणि भामाबाई. त्यांचं गाव बिडकीनच्या अलीकडं, पण तालुका आमचा, म्हणून कोर्टही आमचं. शेत डांबरी रस्त्याला लागून. तिकडं कंपन्या आल्यापासून रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडलेत, आणि भाव वाढला की शेजाऱ्याला जुना बांध आठवतो. बद्रीनाथ नावाच्या शेजाऱ्यानं दावा लावला होता की रस्त्याकडची पट्टी माझी. ही दोघं तारखेला आलीच नाहीत, त्यामुळं हुकूमनामा एकतर्फी बद्रीनाथच्या बाजूनं झाला. हे त्यांना कळलं केव्हा, तर मोजणीवाले शेतात येऊन उभे राहिले तेव्हा. त्या पट्टीतच त्यांची विहीर होती. विहीर गेली की बाकीचं शेत असून नसल्यासारखं.

"समन्स आलं नव्हतं का, आप्पा?" गोकुळनं विचारलं.

कडुबा बायकोकडं बघायला लागला. भामाबाईच बोलली, "आलतं की. पर ते खरं हाय म्हून आमाला काय ठावं?"

मग कडुबानं सांगितलं ते असं. आमच्या मराठवाड्यात सुगी झाली की बहुरूपी येतात. कुणी पोलिसाचं सोंग घेतो, कुणी डॉक्टरचं. दारात उभं राहून काहीबाही दरडावायचं, घरच्यांना हसवायचं आणि सूपभर ज्वारी घेऊन पुढच्या दाराला जायचं. तसा एक बहुरूपी त्यांच्या गावात आला होता, कोर्टाची समन्सं वाटणाऱ्या बेलीफाचं सोंग घेऊन.

"काय सांगू वकील साहेब, हुबेहूब," कडुबा म्हणाला. "खाकी कापडं, बिल्ला, बगलंत कागदं. दारात हुबा ऱ्हाऊन म्हनतो, कडुबा हाजिर हो. तुमच्या कोंबड्यानं भल्या पाटं आरवून सरकारी झोप मोडली म्हून दावा लागलाय. कोंबड्यासकट हजर व्हा, नाय तर रस्सा करून पाठवा. सारी आळी लोळली हसून."

"म्या म्हनलं," भामाबाईनं तोंडाला पदर लावला, "कोंबडा जामिनावर हाय सायेब, तुमी ज्वारी घ्या आन गप घरी जावा. लई ग्वाड मानूस हुता."

पुढच्या साली, सुगी झाल्यावर, खराखुरा बेलीफ आला. तसाच उभा राहिला, तसाच खाकरला आणि कागद काढून वाचायला लागला. कडुबाला वाटलं, गडी औंदाही तेच सोंग घेऊन आलाय, नवीन काही सुचलं नाही वाटतं. भामाबाईनं कोंबडा जामिनावर असल्याचं सांगितलं आणि ज्वारी आणायला आत गेली. बेलीफ चिडला. तो जितका चिडला तितकी ही दोघं जास्त हसली, सोंग लई भारी वठलंय म्हणून. सही करा म्हणाला, तर कडुबा म्हणाला, कोंबड्याची घ्या. शेवटी बेलीफानं समन्सची नक्कल दाराला चिकटवली, कागदावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि पाय आपटत गेला.

"ज्वारी नाय नेली त्यानं," भामाबाई म्हणाली. "तवाच आमाला कळाया पायजे हुतं."

मी फाईलमागं हसू दाबत होते. गोकुळ आता तो बेलीफ करून दाखवणार, अशी माझी खात्री होती. वर बघितलं तर त्याचा चेहरा पार उतरलेला. त्यानं दोघांना चहा पाजला, कागद ठेवून घेतले, बघतो म्हणाला आणि त्यांना गेटपर्यंत सोडून आला. परत आल्यावर बसला नाही.

"ताई, जरा बाहेर येता?"

आवारातल्या चहाच्या टपरीमागं गर्दी नव्हती. तिथं उभं राहून तो म्हणाला, "तो बहुरूपी मी होतो."

मला आधी वाटलं, हेही एखादं सोंगच. पण त्याचा आवाज त्याचाच होता.

त्याचे वडील मोतीरामअण्णा बहुरूपी. आजोबाही. प्रत्येक बहुरूप्याच्या घराण्याची गावं ठरलेली असतात, आणि एखाद्या साली फेरी चुकली तर गाव विचारतं, कोण गेलं म्हणून. मोतीरामांचे गुडघे गेले तेव्हा गोकुळची सनद नवी होती. फेरी बंद पडली या दुःखानं म्हातारा अंथरुणाला खिळायच्या बेतात आला, म्हणून गोकुळनं एका हिवाळ्यात रविवारपुरती गावं करून दिली. पहिल्यांदा बापासाठी गेला. मग त्याला स्वतःलाच गोडी लागली. मोतीराम आयुष्यभर पोलिसाचं सोंग घ्यायचे, पुठ्ठ्याचा पट्टा आणि चिकटवलेली मिशी. गोकुळनं नवी सोंगं बसवली. मोजणीवाला, विमा एजंट, बँकेतून आधार कार्ड मागायला आलेला साहेब. त्यांची सगळी बोलणी तो स्वतः लिहायचा, इथंच माझ्या शेजारी बसून, दोन पुकाऱ्यांच्या मधल्या वेळात. मला वाटायचं, पोरगा युक्तिवाद तयार करतोय.

"आणि बेलीफ?" मी विचारलं.

"ते सगळ्यात चांगलं जमलेलं, ताई," तो म्हणाला, आणि त्या अवस्थेतसुद्धा त्याच्या डोळ्यांत चमक आली. "आपल्या सोमनाथ बेलीफाला रोज बघतो ना मी. त्याचं खाकरणं, कागद धरणं, सगळं उचललं. अण्णा म्हणाले होते, मिशी तरी वाकडी लाव. मी म्हटलं, कशाला, अस्सल वाटायला पाहिजे. आणि त्यांच्या दारात समन्स घेऊन गेला तो सोमनाथच."

मी त्याला झाडला. चांगला झाडला. वकील असून खाकी घालून दारोदार फिरतोस, अक्कल गहाण टाकलीस का, लाज कशी वाटली नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाज वाटते ताई. सोंग घेतल्याची नाही. इतकी वर्षं तुम्हाला शेत सांगितलं, त्याची."



आता पेच असा होता. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर ही माणसं कोर्टाला हसली नव्हती, सोंगाला हसली होती, हे पटवून द्यावं लागणार. गावातले लोक सांगतील की बहुरूपी आला होता. कोर्ट विचारणार, कुठं आहे तो? म्हणजे गोकुळला पिंजऱ्यात उभं राहावं लागणार. ज्या खटल्यात वकील त्याच खटल्यात साक्षीदार होता येत नाही, तेव्हा वकीलपत्र सोडावं लागणार. आणि शपथेवर सांगावं लागणार की मी, सनद असलेला वकील, बेलीफाचा वेष करून ज्वारी मागत हिंडतो. बद्रीनाथचे वकील होते पुंडलिकराव. समोरच्याचा पाय घसरला की आधी कळवळ्यानं चौकशी करणारे आणि मग तक्रार ठोकणारे. सरकारी माणसाचं सोंग आणि वर भिक्षा, एवढ्यावर सनद जाऊ शकत होती.

"तू गप बस," मी म्हटलं. "गावातले साक्षीदार आणू. निभावलं तर निभावलं."

"आणि नाही निभावलं तर? विहीर त्यांची जाईल, ताई. माझ्या हौसेपायी."

मी वकीलपत्र घेतलं. कुरकुरत घेतलं, पण घेतलं. एकच अट घातली, की कडुबा-भामाबाईंना तू स्वतः सांगायचंस. काळ्या कोटात आणि बिनमिशीत त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. गोकुळ हो म्हणाला. दर तारखेला मी विचारायचे, सांगितलं का? दर तारखेला हा मान खाली घालायचा. साक्षीच्या दिवशीही तेच. सनदेपेक्षा त्याला त्या दोघांची भीती जास्त होती.

न्यायाधीश मॅडम कोकणातल्या, बदलून नुकत्याच आलेल्या. बहुरूपी त्यांनी कधी पाहिलेला नसावा, कारण माझा अर्ज वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. पुंडलिकरावांनी सोमनाथ बेलीफाला आणलं होतं, समन्स रीतसर बजावल्याचं सांगायला. त्याला पुढं कामावर जायचं होतं म्हणून त्याची साक्ष आधी झाली. बिचारा अजून दुखावलेला होता.

"मॅडम, मी समन्स वाचलं तर सगळे हसले. बाई म्हणाल्या, कोंबडा जामिनावर आहे. एवढ्या नोकरीत माझा असा अपमान कुणी केला नाही."

"कोंबडा?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. माझ्याकडं कोंबड्याचं कुठलंच समन्स नव्हतं."

स्टेनोनं मान वर न करता ते टाईप केलं. मॅडमनी मात्र सोमनाथला अजून थोडा वेळ बाजूच्या बाकावर थांबायला सांगितलं.

मग गोकुळ पिंजऱ्यात आला. काळा कोट नाही, गळ्यात बँड नाही, साधा पांढरा शर्ट. शपथ झाली. मी नाव विचारलं, पत्ता विचारला. मग विचारलं, "व्यवसाय?"

"वकिली," तो म्हणाला. "आणि बहुरूपी."

आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत बसलेले सगळे वकील वळून बघायला लागले. पण त्याचा आवाज ढळला नाही. गावं, फेरी, बेलीफाचं सोंग, कडुबाचं दार, सगळं त्यानं सरळ सांगितलं. मागच्या बाकावर कडुबा आणि भामाबाई बसली होती. इतक्या शुद्ध भाषेत आपला वकील कसली साक्ष देतोय, हे त्यांना नीट उमगत नसावं. भामाबाई पंख्याकडं बघत होती.

पुंडलिकराव उलटतपासाला उठले ते सावज दिसल्यासारखे.

"म्हणजे आपण सरकारी नोकर असल्याचं भासवून खेडूतांना फसवता?"

"फसलेला माणूस ज्वारी देत नाही, साहेब. सोंग आहे हे ओळखूनच देतो."

"एक वकील दारोदार ज्वारी मागतो, हे बार कौन्सिलला कळवलं तर आपली हरकत नसावी?"

"खरं आहे ते. हरकत कशी घेणार?"

इथं पुंडलिकरावांनी बसायला हवं होतं. पण त्यांना चेव चढला होता. "आपलं सोंग इतकं हुबेहूब असतं की माणसाला खरा बेलीफसुद्धा खोटा वाटावा? मला तर आपल्यात बेलीफ काही दिसत नाही. दाखवा बघू कोर्टाला."

उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये, हे ते स्वतःच ज्युनियरांना शिकवतात. मी हरकत घेणार होते, ती गिळली. मॅडम म्हणाल्या, "दाखवा."

गोकुळनं डोळे मिटून घेतले. मग त्याचा उजवा खांदा हळूच उतरला. त्यानं पँट कमरेवर ओढली, समोरचे कागद बगलेत मारले, दोनदा खाकरला, कानामागं बोट फिरवलं आणि समोरच्या माणसाकडं न बघता उंबऱ्याकडं बघावं तसं खाली बघत आवाज लावला, "कडुबा, हाजिर हो. तुमच्या कोंबड्यानं भल्या पहाटे आरवून सरकारी झोप मोडल्याबद्दल..."

सगळ्या कोर्टानं एकदमच सोमनाथकडं बघितलं. सोमनाथ बाकावर बसला होता, उजवा खांदा उतरलेला, बगलेत कागद, बोट कानामागं. त्यानं ते बोट घाईघाईनं खाली घेतलं.

मागून भामाबाई उठून उभी राहिली होती. "आगं बया," ती म्हणाली. "ह्योच की त्यो." आणि आपण कुठं आहोत हे विसरून, आपल्याच दारात उभं राहून बोलावं तशी बोलली, "कोंबडा जामिनावर हाय, सायेब."

पट्टेवाला तिला गप करायला धावला. तोवर सोमनाथ उभा राहिला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हा तर मीच आहे."

मॅडम तडक उठल्या आणि चेंबरमध्ये गेल्या. दार लागलं. आतून जे ऐकू आलं ते हसणंच होतं, याबद्दल नंतर बार रूममध्ये कुणाचंच दुमत झालं नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कोर्टाचा होता. साक्षीदारानं प्रात्यक्षिक दाखवलं, हे त्यांनी नोंदवून घेतलं. दुपारनंतर हुकूम सांगितला. एकतर्फी हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा पहिल्यापासून चालवायचा, तोवर विहीर कडुबाकडंच राहील. आणि पुढं एक वाक्य लिहवून घेतलं, जे ऐकताना मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती: साक्षीदारानं स्वतःचं नुकसान होण्याची शक्यता असूनही खरं सांगितलं आहे, त्याच्या सोंगात कुणाला फसवण्याचा हेतू दिसत नाही. मग गोकुळकडं बघून तोंडी म्हणाल्या, "खाकी आणि बिल्ला मात्र यापुढं नको. ते सरकारचे आहेत."

"नाही घालणार, मॅडम."

व्हरांड्यात पुंडलिकराव मला गाठून म्हणाले, "त्याला सांगा, तक्रार वगैरे काही करत नाही मी. मॅडमनी लिहवलेला तो कागद त्याच्या हातात असताना कोण ऐकणार माझं." नंतर आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या गावात एक यायचे, पोस्टमन होऊन. मी सगळ्या गावभर त्यांच्या मागं फिरायचो." आणि चष्मा शोधत निघून गेले. तो कपाळावरच होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क जिन्याच्या पायरीवर बसले. माझ्या ज्युनियर राजनंदिनीला वाटलं, मला चक्कर आली. पाणी घेऊन आली. मी म्हटलं, बाई, मला काहीही झालेलं नाही, आज कुणालाच काही झालेलं नाही.

पण गोकुळला अजून सुटल्यासारखं वाटत नव्हतं. कडुबा गेटपाशी उभा होता. गोकुळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, हात जोडून.

"तुमी सांगाया पायजे हुतं," म्हातारा म्हणाला.

"चुकलं, आप्पा."

बस आली, दोघं चढली. भामाबाईनं खिडकीतून बघितलं, कडुबानं नाही. त्या संध्याकाळी गोकुळ मला म्हणाला, "सनद राहिली ताई, पण गाव गेलं माझं." मी त्याला समजावलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पावसाळा गेला, सुगी झाली. दावा चालू होता, मीच चालवत होते. तारखेला कडुबा यायचा, माझ्याशी बोलायचा, गोकुळच्या टेबलाकडं मान हलवायचा, बस. रविवारी गोकुळ घरी बसायला लागला. बारच्या सहलीलासुद्धा आला, आणि सबंध दिवस कुणाची नक्कल केली नाही. ते माझ्यानं बघवेना. मोतीरामअण्णांनाही बघवत नव्हतं. शेवटी त्यांनीच आपला पोलिसाचा पुठ्ठ्याचा पट्टा आणि मिशी काढून दिली, आणि मला फोन केला, "पोरी, तू जा संगं. एकला जायाचा नाय त्यो."

मला नाटकीपणा सोसत नाही, तरीही मी एका रविवारी त्याच्या स्कूटरवर मागं बसून गेले. बाकीची घरं त्यानं झपाट्यानं केली. लोक हसत होते, काहीजण मुद्दाम 'वकील साहेब आले' म्हणून हाका मारत होते. कडुबाच्या आळीत वळल्यावर मात्र त्याची चाल मंदावली. खाकी नको म्हणून निळ्या रंगवलेल्या शर्टावर पुठ्ठ्याचा पट्टा, मिशी एका बाजूनं सुटत आलेली. दार आतून बंद होतं. त्यानं काठी आपटली, पण पुढचं दरडावणं न करता मिशी चाचपत राहिला.

आतून कडुबाचा आवाज आला. "कोन हाय?"

"पोलिस," गोकुळ कसाबसा म्हणाला.

आतून प्रश्न आला. "खरा का खोटा?"

गोकुळनं माझ्याकडं बघितलं.

"खोटा हाय, आप्पा," तो म्हणाला.

कडी निघाली. कडुबा दारात उभा होता, मागं भामाबाई.

"मंग ये की आत," तो म्हणाला. "दारात काय हुबा ऱ्हायलास?"